गावात तल्लख, फ्लॅटमध्ये विसराळू

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी आई ७१ वर्षांची, शिक्षण चौथी. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आम्ही तिला कराड तालुक्यातल्या गावाहून वाकडला आणलं. गावचं घर तेव्हापासून बंदच आहे, चुलतभाऊ शेजारी राहतो. इथं आम्ही अकराव्या मजल्यावर. मी आणि बायको नोकरीला, मुलगा सातवीत. आईला काहीही कमी नाही. वेगळी खोली, टीव्ही, स्वयंपाकाला बाई. तिला काडीचंही काम करू देत नाही. पण वर्षभरात ती विसरायला लागलीय. गॅस चालू राहतो. एकच गोष्ट तीनदा विचारते. एकदा लिफ्टमधून नवव्या मजल्यावर उतरली आणि भलत्याच दाराची बेल वाजवत राहिली. मेंदूला व्यायाम म्हणून टॅब्लेटवर कोडी घालून दिली, तर हात लावत नाही. मुलगा रोज तिची परीक्षा घेतो: काल भाजी कोणती होती, आज वार कोणता. निम्मं चुकतं.

मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस गावी होतो. तिथं आई वेगळीच. भजनी मंडळाच्या बायका आल्या, हिनं टाळ हातात घेतले आणि रात्री साडेअकरापर्यंत वही न बघता अभंग म्हणत होती. आहेराची पाकिटं फोडताना शेजारी बसून ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी कुणी किती घातले ते घडाघडा सांगितलं. बचत गटाच्या हप्त्यावरून एका बाईशी वाद घातला आणि हिचंच खरं निघालं. निघताना टाळ तिथंच खुंटीला ठेवून आलो, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. वाकडला आलो आणि तिसऱ्या दिवशी दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात.

बायको म्हणते, गावी जायला मिळावं म्हणून सोंग करतात. मला पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. आई सोंग करते का? का हा डिमेन्शिया? तिला गावी परत पाठवू का?

— एक गोंधळलेला मुलगा, वाकड


सोंग नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आज तुमच्याकडे रात्रीचं जेवण जरा शांतपणे होईल. विसरण्याचं सोंग फार अवघड असतं. काल काय विसरलो ते पक्कं ध्यानात ठेवून आज पुन्हा विसरावं लागतं. आणि दूध कपाटात ठेवून कुणाला गावची एसटी मिळत नाही, हे तुमच्या आईलाही कळतं. पण म्हणून बायकोवर चिडू नका. ऑफिसहून दमून आल्यावर दारातच गॅसचा वास जिला येतो, तिच्या तोंडून असं निघतं.

डिमेन्शिया आहे की नाही ते मी पत्रावरून सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. आधी डॉक्टर. बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासून घ्या. घरात माळकरी वळण असेल, मांसमच्छी नसेल, तर बी-१२ कमी निघायची शक्यता बरीच. त्यानं माणूस विसरभोळा होतो, आणि वेळेत कळलं तर ते भरूनही काढता येतं. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्यासुद्धा. त्यातल्या काही डोकं जड करतात. कान तपासा. हे मी दोनदा लिहिणार होते, कारण लोक सगळं करतात आणि कान सोडून देतात. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? ‘तीनदा विचारते’ यातलं एखाददुसरं कानाच्या खात्यात जमा होऊ शकतं. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली दिली. त्यात बहिरेपणही आहे आणि एकटं पडणंही आहे.

आणखी एक. तुमच्या पत्रात बाबा गेल्याचं अर्ध्या ओळीत उरकलंय. म्हातारपणी उदासी रडण्यातून दिसेलच असं नाही. पुष्कळदा ती विसरण्यातूनच दिसते. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. स्मरणशक्तीची चाचणी घेतील तेव्हा ती मराठीत आणि चौथी शिकलेल्या बाईला साजेशी आहे ना, एवढं विचारून घ्या. नाहीतर शाळेची कमतरता मेंदूच्या खात्यावर लिहिली जाते. चार दिवसांत एकदम बिघडलं, बोलताना शब्द अडखळायला लागले, रोजच्या पायाखालच्या वाटेवर चुकल्या, तर मात्र या सदराच्या उत्तराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं. नववा मजला मी त्यात धरत नाही. माझ्या मुलीच्या टॉवरमध्ये सगळ्या मजल्यांना एकच रंग, एकच दार, एकच गणपतीची टाइल. मी स्वतः भलत्या कुलुपात किल्ली फिरवत उभी राहिलेय, आणि मी अजून साठीच ओलांडलीय.

आता ते आठ दिवस. तुम्ही अभंगांवर भाळलात, आणि मला त्यांचं तितकं काही वाटलं नाही. पन्नास वर्षं म्हटलेला अभंग मेंदूच्या फार खालच्या थरात बसलेला असतो. ज्यांना पोराचं नाव आठवत नाही असे लोकही आरती शेवटपर्यंत म्हणतात. तेव्हा वही न बघता म्हणाल्या, यावरून ‘आईला काही झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मी थांबले ती आहेराच्या पाकिटांपाशी. ती माहिती ताजी होती, कालची होती, एकदाच कानावर पडली होती आणि आकड्यांची होती. वाकडला ज्यांना कालची भाजी आठवत नाही, त्यांना गावात कालचे पाचशे-एक आणि अकराशे आठवतात. हप्त्याच्या वादातही जिंकल्या. म्हणजे नवं साठवायची कोठी पार मोडलेली नाही. काही ठिकाणी ती उघडते, काही ठिकाणी उघडत नाही.

थोडं श्रेय जागेचंही आहे. गावच्या घरात हात आपोआप फिरतो. काडेपेटी कुठं, मिठाची बरणी कुठं, हे डोक्याला विचारावं लागत नाही. तुमच्या मॉड्युलर किचनमध्ये सगळी दारं पांढरी आणि सगळ्याच बटणांना दिवे. तिथं प्रत्येक गोष्ट आठवून करावी लागते, मग दुसरं काही आठवायला जागा कुठून राहणार? पण एवढंच कारण असतं तर दोन वर्षांत सवय होऊन सुधारणा दिसली असती. तुम्ही तर बिघडत चालल्याचं लिहिताय.

तुम्ही लिहिता, आईला काही कमी नाही. मी ती यादी पुन्हा वाचली. खोली, टीव्ही, बाई, टॅब्लेट. गावात त्यांच्यापाशी जे होतं त्यातलं एकही यात नाही.

भजनी मंडळ म्हणजे ‘आईचा विरंगुळा’ असं तुम्हाला वाटत असेल. एकदा डोळे उघडे ठेवून बघा तिथं काय चालतं. एकीनं चरण घ्यायचा, बाकीच्यांनी नेमक्या जागी ध्रुपद उचलायचं. पखवाजाची लय वाढली की टाळ तिच्याबरोबर न्यायचे. आज एकादशी आहे तर काय घ्यायचं, कुणाच्या घरी दुःख झालंय तर काय टाळायचं, परवाच्या भजनात हिनं म्हटलेली गौळण आज पुन्हा नको, मागच्या खेपेला चहा कुणाकडं होता म्हणजे आता पाळी कुणाची. यातली एक चूक झाली तरी पलीकडची बाई कोपर मारते. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं. वर बचत गट: दहा-बारा बायकांचे हप्ते, कुणाचं कर्ज, कुणाचं व्याज, कुणाचा नवरा पैसे मागायला आला होता. तुमच्या टॅब्लेटवरच्या कोड्यात यातलं काय आहे? कोडं सुटलं नाही तर कुणाचं अडतं?

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेला एक मोठा अभ्यास आहे, व्हाइटहॉल टू नावाचा. त्यातल्या १०,३०८ लोकांची २८ वर्षांची माहिती तपासून २०१९ साली एक निष्कर्ष मांडला गेला: साठीत ज्यांच्या गाठीभेटी जास्त, त्यांच्यात पुढं डिमेन्शियाचं प्रमाण कमी. यात एक मेख होती, आणि ती तुमच्या घराला लागू पडते. हा फरक मित्रमैत्रिणींच्या भेटींमुळं दिसत होता. नातेवाइकांच्या भेटींनी तसा फरक दिसला नाही. का, याचं माझं उत्तर असं: घरचे लोक आपलं वाक्य पुरं करतात. ‘अरे ते… ते आण’ म्हटलं की मुलगा चष्मा आणून देतो. मैत्रीण म्हणते, ‘काय आणू? नीट बोल की.’

पुणेकर वाचक लगेच विचारतील, की ज्याचं डोकं आधीच थकायला लागलंय तोच लोकांत जाणं बंद करतो, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? प्रश्न बरोबर आहे. माणूस घरात बसला म्हणून विसरायला लागला की विसरायला लागला म्हणून घरात बसला, हे एका माणसापुरतं सांगणं कठीणच, आणि म्हणूनच इतकी वर्षं मागोवा घेतात. तुमच्या आईच्या बाबतीत मात्र क्रम तुमच्याच पत्रात आहे. मंडळ सुटलं दोन वर्षांपूर्वी, विसरणं सुरू झालं वर्षभरापूर्वी. त्या स्वतः मंडळ सोडून आल्या नाहीत, तुम्ही गाडीत बसवून आणलंत.

दुसरा एक छोटा प्रयोग मला जास्त आवडतो. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ७३ जणांचे तीन भाग केले. काहींनी गटात बसून जुन्या आठवणी सांगायच्या, काहींनी त्याच आठवणी एकट्यानं एका माणसापाशी सांगायच्या, काहींनी मिळून एक सोपा चेंडूचा खेळ खेळायचा. सहा आठवड्यांनी पाहिलं तर स्मरणशक्तीचे गुण वाढले होते ते गटात आठवणी सांगणाऱ्यांचे. खेळणाऱ्यांची तब्येत खुलली होती, मन बरं होतं. एकट्यानं आठवणी सांगणाऱ्यांना दोन्हीतलं काहीच मिळालं नाही. आठवणी त्याच, वेळ तितकाच. २०१० साली हे छापून आलं तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या सासूबाईंकडं नीट पाहिलं.

सासूबाई रत्नागिरीहून ठाण्याला आल्या तेव्हा ७३ वर्षांच्या. पहिलं वर्ष गॅलरीत बसून काढलं. आमच्या कामवाल्या मावशींचं नाव त्यांना वर्षभर आठवलं नाही, आणि आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणून मोकळे. मग खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या भिशीत एक जागा रिकामी झाली आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं, आजींना हिशोब ठेवू द्या, त्या घरीच असतात. कालनिर्णयच्या मागच्या पानावर सोळा जणींची नावं, रकमा, कुणाची चिठ्ठी निघाली, कुणाची राहिली. एकीनं दोनदा पैसे दिल्याचं सांगितलं तर सासूबाईंनी तिला तारीख आणि त्या दिवशी तिनं नेसलेली साडी सांगितली. मावशींचं नावही आलं, कारण मावशी भिशीत होत्या. पुढं वयाच्या ८१व्या वर्षी त्यांना खरंच विस्मरणाचा आजार झाला, तेही लिहायला हवं. भिशी काही औषध नव्हे. पण मधली सात-आठ वर्षं त्या आमच्या घरात माणूस म्हणून राहिल्या, पाहुण्या म्हणून नाही.

आता तुमच्या लेकाची रोजची परीक्षा. ती आजपासून बंद. त्याचा हेतू चांगला आहे, त्याला ओरडू नका, पण बंद. २०१२ साली ६० ते ७० वयाच्या ६८ जणांवर एक प्रयोग झाला होता. काहींना सांगितलं, या अभ्यासात ४० ते ७० वयाचे लोक आहेत. म्हणजे तुम्ही त्यातले म्हातारे. काहींना सांगितलं, ६० ते ९० वयाचे आहेत. म्हणजे तुम्ही त्यातले तरुण. मग वयाबरोबर डोक्याचं काय होतं यावर वाचायला एक मजकूर दिला आणि डिमेन्शिया ओळखायची नेहमीची चाचणी घेतली. ज्यांना आपण म्हाताऱ्यांत मोडतो असं वाटलं आणि वयानं सगळीच बुद्धी घसरते असं वाचायला मिळालं, त्यांच्यातले ७० टक्के लोक चाचणीत डिमेन्शियाच्या रेषेखाली गेले. बाकीच्यांत हे प्रमाण सरासरी १४ टक्के होतं. माणसं तशीच, धडधाकट, चालत आलेली.

तुमच्या घरात रोज संध्याकाळी हाच प्रयोग चाललाय. ‘आजी, आज वार कोणता?’ म्हटल्यावर त्या वार आठवत नसतात. सगळे आपल्या तोंडाकडं बघतायत आणि आता चुकणार, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. त्यात चुकलं की सून आणि मुलगा एकमेकांकडं बघतात. बघत नसाल तर माफ करा, पण बघत असाल. त्याऐवजी लेकाला सांगा, आजीकडून काहीतरी शिकून घे. टाळ धरायचा कसा, तिथपासून सुरुवात होऊ दे. त्यात चुकायचा मान त्याचा.

मंडळ वाकडला कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न. वाकड म्हणजे फक्त टॉवर नव्हेत हो. तुमच्या टॉवरच्या आधीचं तिथं गाव आहे, गावठाण आहे, म्हातोबाचं देऊळ आहे. रविवारी मॉलऐवजी आईला तिकडं घेऊन जा आणि देवळात चौकशी करा, बायकांचं भजन कधी असतं, कुणाच्या घरी असतं. तुमच्या सोसायटीतही तुमच्या आईसारख्या आणखी चार-सहा जणी वेगवेगळ्या मजल्यांवर टीव्हीसमोर बसल्या असतील, कुणी साताऱ्याची, कुणी लातूरची. त्यांना एकमेकींचा पत्ता नाही. वॉचमनला असतो, त्याला विचारा.

पण नुसतं नेऊन बसवू नका. ज्येष्ठांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसवून, गुलाबाचं फूल हातात देऊन, प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐकवायचं, त्यानं काही होत नाही. तो टीव्हीच झाला, फक्त खुर्ची कडक. त्या आल्या नाहीत तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. टाळ धरणारी कमी पडली पाहिजे, हिशोबाची वही अडून राहिली पाहिजे. पहिल्या तीन-चार खेपांना ‘मला नाही जायचं’ म्हणतील. नव्या मंडळात कोपर मारणारी मैत्रीण लगेच मिळत नाही. तुम्ही स्वतः सोबत जा आणि दहा मिनिटांनी कसलं तरी निमित्त काढून बाहेर या.

घरातही एक काम त्यांच्याकडं पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे त्यांनी नाही केलं तर ते तसंच राहील, मागून कुणी गुपचूप करून ठेवणार नाही असं. दूध आणि पेपरचा हिशोब, इस्त्रीवाल्याचे कपडे मोजणं, भाजी काय आणायची ते ठरवणं. गॅसपासून सध्या दूर ठेवा किंवा आपोआप बंद होणारी शेगडी घ्या, पण भाजी निवडायला तरी द्या. ‘तुम्ही बसा हो आई’ हे वाक्य मायेचं आहे, मान्य. दिवसातून दहादा ऐकलं की त्याचा अर्थ बदलतो.

गावी पाठवू का, याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. बंद घरात ७१ वर्षांच्या बाईनं रात्री एकटीनं राहणं मला पटत नाही, निदान डॉक्टरांचं होईपर्यंत तरी. पण कायमचं इथं आणि लग्नाकार्यापुरतं तिथं, हेही काही वेदात लिहिलेलं नाही. कार्तिकातला काकडा, गावचा सप्ताह, अशा वेळी महिना-पंधरा दिवस चुलतभावाच्या घरी राहू देत, खर्चाचं आधी मोकळेपणानं बोलून घ्या. मधल्या काळात मंडळाच्या बायकांशी फोन ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी, ‘कधीतरी लावून देतो’ असं नाही. बचत गटातलं नाव अजून असेल तर काढू नका.

आणि हे सगळं ठरवण्याआधी त्यांना विचारा. तुमचं पत्र चांगलं दोन पानी आहे, त्यात बायको काय म्हणते ते आहे, मुलगा काय विचारतो ते आहे. आई काय म्हणते याचं एकही वाक्य नाही.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. चुलतभावाला फोन करा आणि वाकडकडं कुणी येत असेल त्याच्याबरोबर ते टाळ पाठवायला सांगा. शेजाऱ्यांचं मी बघते म्हणावं; सकाळी सातला ज्यांचा मिक्सर चालतो, त्यांनी संध्याकाळी सातला टाळ ऐकायला हरकत नाही. बी-१२ किती निघालं ते कळवा.